आधी सगळे उतरवून घ्या

आमच्या घरात कपाटावर एक पत्र्याची पेटी आहे. रेशनकार्ड, लाईटची जुनी बिले, बाबांचा शाळा सोडल्याचा दाखला आणि आई-बाबांच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट एवढा ऐवज तिच्यात असतो. ती कॅसेट कधी कोणी लावली नाही, कारण लावायचे यंत्रच आमच्या घरी नव्हते. १९९९ च्या मे महिन्यात लग्न झाले. त्यानंतर रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीसाठी भाड्याने आणून सगळ्या चाळीने ती एकदा पाहिली होती, असे आजी सांगते. पुढे पंचवीसएक वर्षे ती पेटीतच होती.

गेल्या दिवाळीत बाबांनी ती शहरातल्या एका दुकानात नेऊन दिली. दुकानदाराने विचारले, "पावणेतीन तासांची हाय. कामाचं तेवढंच घेऊ ना?" बाबा म्हणाले, "घ्या." आठ दिवसांनी पेन ड्राइव्ह हातात आला. त्यात बावीस मिनिटांचे लग्न होते. हळद, अंतरपाट, अक्षता, सप्तपदी, वरात. आणि या सगळ्यावर एकापाठोपाठ एक सिनेमाची गाणी. आई लाजली, बाबा हसले, आम्ही भावंडांनी त्यांची पुष्कळ थट्टा केली. आजी मात्र शेवटपर्यंत पाहून म्हणाली, "समदी हायती. ह्ये कुठं हायती?"

ह्ये म्हणजे माझे आजोबा. ते गिरणीत कामाला होते. २००८ साली ते गेले तेव्हा मी दोन वर्षांची होते. घरात त्यांचा एकच फोटो आहे, तोही गिरणीच्या ओळखपत्रावरून मोठा करून घेतलेला. मुलाच्या लग्नात बाप नाही, असे कसे होईल? आजीच्या त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना मला जे समजले, ते माझ्या विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे, म्हणून हा लेख.

प्रथम कॅसेट म्हणजे काय, ते पाहू. व्हीएचएस ही पद्धत जपानमध्ये १९७६ साली बाजारात आली. या कॅसेटमध्ये अर्धा इंच रुंदीची प्लॅस्टिकची लांबच लांब फीत गुंडाळलेली असते. फितीवर लोहाच्या ऑक्साइडचे अतिशय बारीक कण एका लेपाने चिकटवलेले असतात आणि चित्र व आवाज त्या कणांच्या चुंबकत्वात साठवलेले असतात. व्हीसीआरच्या पोटात एक लहानसे ढोलके असते. आपल्याकडच्या पद्धतीत ते सेकंदाला २५ वेळा फिरते आणि त्याच्यावर बसवलेली हेडे फितीवरच्या तिरक्या रेघा वाचत जातात. एका फेरीत एक चित्र, असे सेकंदाला २५.

पेन ड्राइव्हवरची फाईल अर्ध्या मिनिटात दुसरीकडे जाते. कॅसेटचे तसे नाही. व्हीसीआरमधून निघणारे चित्र एका लहानशा डबीतून संगणकात न्यावे लागते. ती डबी त्याचे आकड्यांत रूपांतर करते आणि संगणक ते लिहून घेतो. तीन तासांची कॅसेट असेल तर यालाही तीनच तास लागतात. पुढच्या काळात लग्नाच्या शूटिंगला मिनीडीव्ही नावाच्या लहान कॅसेटी आल्या. त्यांच्यात चित्र मुळातच आकड्यांत साठवलेले असते, म्हणून फायरवायर नावाच्या वायरीने ते जसेच्या तसे संगणकात घेता येते; एका तासाला सुमारे १३ जीबी जागा लागते. पण वेळ तिथेही तेवढाच लागतो, आणि आज बाजारातल्या नव्या संगणकांना ती वायर लावायची सोयच नसते.

आता दुकानदाराचा प्रश्न पुन्हा आठवा. "कामाचं तेवढंच घेऊ ना?" त्याला मी फारसा दोष देत नाही. पावणेतीन तास एक यंत्र अडकवून ठेवायचे, तेही एका लग्नासाठी, हे त्याच्या धंद्याला परवडणारे नाही. मुख्य म्हणजे, आम्हीच त्याला "घ्या" म्हणालो होतो. पण कामाचे काय आणि बिनकामाचे काय, हे ठरवले कोणी? ज्याने ठरवले त्याला आमच्या घरातले कोण आहे आणि कोण नाही, याची काहीच कल्पना नव्हती.

सुदैवाने कॅसेट परत मिळाली होती. आमच्या बोळात टीव्ही दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्याकडे माळ्यावर एक व्हीसीआर पडून होता. त्यांनी तो उघडला, हेडे स्पिरिटने पुसली, एक पट्टा बदलला. मग कॅसेट उजेडात धरून आतल्या फितीच्या कडेवर पांढरी बुरशी आहे का, ते पाहिले. "बुरशी असली तर लावायची न्हाई, फीत बी जाती आणि मशीन बी जातंय," असे ते म्हणाले. कॅसेटच्या पाठीवरचा प्लॅस्टिकचा बारीक तुकडा त्यांनी आधी मोडून टाकला. तो मोडला की चुकून बटण दाबले गेले तरी जुन्यावर नवे काही भरले जात नाही. त्यानंतर फीत एकदा शेवटपर्यंत पुढे नेली आणि एकदा पूर्ण मागे आणली, म्हणजे इतक्या वर्षांची घट्ट बसलेली गुंडाळी मोकळी होते. पिवळी वायर चित्राची, लाल आणि पांढरी आवाजाची. रूपांतराची डबी मैत्रिणीच्या भावाची, लॅपटॉपही त्याचाच. चालू केले आणि मी व आजी समोर बसलो.

एक तास बावन्न मिनिटे झाली तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. कॅमेरामन बहुधा दिव्याची वायर हलवायला गेला असावा; कॅमेरा तसाच चालू राहिला होता. चित्र तिरके, अर्ध्या भागात मांडवाचा खांब. त्या तुकड्यावर गाणे चढवायचे राहून गेले होते. खांबाच्या पलीकडे टोपी घातलेले तीन म्हातारे सतरंजीवर बसलेले. त्यांतल्या एकाने विचारले, "आता झोप तर निवांत लागती का न्हाई?" आणि माझे आजोबा म्हणाले, "कसली झोप? भोंगा बंद झाला, पर डोळा पाचला उघडतोच. उठून बसतो. कुठं जायचं, कळत न्हाई." मग कोणाला तरी हाक मारून त्यांनी पंगतीत पाणी फिरवायला सांगितले आणि ते उठून गेले.

सगळे मिळून एक्केचाळीस सेकंद. पुढच्या-मागच्या पावणेतीन तासांत आजोबांचा आवाज पुन्हा कोठे नाही. दिसतात दोन-तीनदा, पण तेथे गाणे वाजते आहे. आजी काही बोलली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्यांदा लाव."

मला एवढेच म्हणायचे आहे की ते एक्केचाळीस सेकंद दुकानदाराच्या हिशेबी बिनकामाचे होते आणि आमच्या हिशेबी सगळ्या कॅसेटमध्ये तेवढेच कामाचे होते. म्हणून फीत संगणकात उतरवून घेताना कापाकापी करू नये. हलते, तिरके, अंधारे, कोणी नसलेले, सगळे आधी पुरते उतरवून घ्यावे. एडिटिंग नंतर हौसेने करावे. पण मूळ उतारा अखंड बाजूला राहिला पाहिजे.

यात नवे असे काही नाही. छापखाने येण्यापूर्वी आपल्याकडे पोथ्या हाताने उतरवून काढीत. उतरवणारा स्वतःला आवडलेल्या तेवढ्याच ओव्या लिहून थांबला असता, तर आपल्या हाती काय आले असते? १५८४ साली संत एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली हे आपण मराठीच्या तासाला शिकलो. ते एका मोठ्या संपादकाचे काम होते. पण त्यांच्या आधी तीनशे वर्षे कोणीतरी पाने उतरवीत आले, म्हणून त्यांना ते करता आले. संपादक मागाहून येतो. उतरवणारा आधी यावा लागतो.

कोणी म्हणेल, एका गरीब घरातल्या कॅसेटसाठी एवढा खटाटोप कशाला? तर मोठ्या घरांचेही काही वेगळे झालेले नाही. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज शिल्लक आहे. ८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात जुन्या चित्रफितींच्या कोठाराला आग लागली आणि 'प्रभात'सारख्या कंपनीच्या चित्रपटांची मूळ रिळे जळून गेली. माणूस १९६९ साली चंद्रावर उतरला, तेव्हा तिथून आलेले चित्र ज्या चुंबकीय फितींवर मुळात नोंदले होते, त्या बहुधा पुसून पुन्हा वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या नासाला २००९ मध्ये सांगावे लागले. तिथेही कोणाला तरी त्या फिती त्या वेळी बिनकामाच्या वाटल्या असतील.

मग आपल्या सोलापूरचे काय? १८७७ मध्ये जुनी गिरणी सुरू झाली आणि पुढे हे गाव गिरण्यांच्या भोंग्यावर उठू लागले. मे १९३० मध्ये येथे लष्करी कायदा पुकारला गेला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना येरवड्याला फाशी झाली. चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज कॉलेजला येतो. त्या काळाचा इतिहास आपण सरकारी कागद, वर्तमानपत्रे आणि आठवणींची पुस्तके यांवरून वाचतो. तो वाचताना माझ्या मनात एक शंका येते. कागद लिहिणाऱ्यांचा असतो. माझे आजोबा पगाराच्या रजिस्टरावर अंगठा उठवीत. माझी आजी विड्या वळायची. तिलाही अक्षर येत नाही. अशा माणसांनी कागदावर काहीच मागे ठेवलेले नाही. गिरणी कधी बंद पडली, याची नोंद सापडेल. बंद पडल्यावर पहाटे पाचला उठून बसणाऱ्या माणसाला कुठे जायचे ते कळत नव्हते, ही नोंद कोणत्या दप्तरात आहे? मला ती एका लग्नाच्या कॅसेटमध्ये सापडली.

आमच्या वर्गात यावर वाद झाला. एक मित्र म्हणाला, "सगळी लग्ने सारखीच. त्यात इतिहास कसला?" मी त्याला ती कॅसेट दाखवली आणि सारखे नसलेले मोजायला सांगितले. मांडवात किती बायका नऊवारीत आहेत आणि किती गोल साडीत. पंगतीत काय वाढले. बायका आपसात मराठी बोलतात, तेलुगू बोलतात की कन्नड. आमच्या बोळात तेव्हा किती माग होते, कारण वरातीत बँड थांबला की मागे मागांचा खडखडाट ऐकू येतो. शिवाय आहेराची पुकारणी आहे. कोणी कोणाला काय दिले, हे ध्वनिक्षेपकावरून नावानिशी पंधरा मिनिटे वाचून दाखवले आहे. अकरा रुपये, एकवीस रुपये, स्टीलचा डबा. आमच्या भावकीची आणि आजोबांच्या खात्यातल्या कामगारांची एवढी मोठी यादी दुसरीकडे कोठेही नाही. दुकानदाराने ती पंधरा मिनिटेही गाळली होती.

दुसरा आक्षेप मला अधिक महत्त्वाचा वाटतो. घरगुती चित्रण म्हणजे घरातल्या बायकामुलांचे चेहरे. ते बाहेर का जावे? हे अगदी बरोबर आहे. उतरवून घेणे म्हणजे चव्हाट्यावर मांडणे नव्हे. उतारा ज्याचा त्याच्या घरी राहावा. दुसऱ्याला दाखवायचा की नाही, हे त्या घरानेच ठरवावे. आजोबांचे शब्द या लेखात लिहिण्यापूर्वी मी आजीला विचारले आहे.

तिसरा आक्षेप असा की, अजून थांबले तर काय बिघडते? बिघडते. एक तर फितीवरचा लेप म्हातारा होतो आणि कण झडू लागतात. आपल्याकडे पत्र्याच्या छताखाली एप्रिल-मे महिन्यांत काय उकाडा असतो, ते सांगायला नको. आमची पेटी तर थेट पत्र्याखालीच होती. दुसरे, यंत्रे संपत चालली आहेत. व्हीसीआर बनवणारी शेवटची म्हणून ओळखली जाणारी जपानमधील फुनाई कंपनी २०१६ च्या जुलैमध्ये थांबली. आता जे आहे ते जुने आणि दुरुस्त केलेले. युनेस्कोने २०१९ मध्ये जगभरच्या संग्रहालयांना धोक्याची सूचना दिली होती की, २०२५ च्या सुमारास चुंबकीय फिती वाजवणे बहुतेक ठिकाणी अवघड होऊन बसेल. ती मुदत संपल्यातच जमा आहे. आमच्या काकांकडचा व्हीसीआर आमच्यानंतर दोनच कॅसेटी चालला आणि बंद पडला. त्याचा सुटा भाग अजून मिळालेला नाही.

तेव्हा माझी सूचना अशी आहे. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दर वर्षी होते. आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो; ते करावेच. त्याच्या जोडीला संगणक कक्षाचा एक कोपरा या कामासाठी मिळावा. चालू स्थितीतले दोन व्हीसीआर, रूपांतराची एक डबी, एक संगणक आणि दोन हार्ड डिस्क एवढे पुरे. उतरवून घेण्याची सॉफ्टवेअरे फुकट मिळतात. प्रत्येक कॅसेटपाशी दोन विद्यार्थी बसावेत. तीन तास नुसते बसायचे, असे वाटेल. पण चित्र अडखळते आहे का, आवाज ओठांच्या मागे-पुढे होतो आहे का, हे पाहणारे कोणी तरी हवेच असते. आणखी एक काम आहे. ज्याची कॅसेट, त्याच्या घरातले एक वडीलधारे माणूस शेजारी बसवावे. एका वहीत लिहीत जावे: किती मिनिटांनी कोण दिसते, कोणत्या गावचे, कोणाचे कोण. फाईलच्या नावात साल आणि कुटुंबाचे नाव घालावे. तीन प्रती कराव्यात, त्यांतली एक दुसऱ्या इमारतीत ठेवावी. कुटुंबाने लेखी परवानगी दिली तरच एक प्रत ग्रंथालयात राहावी. आणि कॅसेट परत द्यावी. उतरवून झाले म्हणून ती टाकून देऊ नये. उद्या अधिक चांगल्या यंत्राने तिच्यातून आणखी काही निघू शकेल.

इतिहासाच्या, मराठीच्या आणि समाजशास्त्राच्या आमच्या प्राध्यापकांना मी नम्रपणे विचारते की, हे आमच्या अभ्यासात का बसू नये? आम्हाला प्रकल्प दिले जातात तेव्हा आम्ही पुस्तकांतून उतारे काढून देतो. आमच्यापैकी कित्येकांच्या घरात कॉलेजची पायरी चढणारे आम्हीच पहिले आहोत. पुस्तकांत आमच्या घरांविषयी फारसे काही सापडत नाही. मग आमच्याच घरातल्या फिती उतरवून देणे हा प्रकल्प होऊ शकत नाही काय?

मित्रहो, या सुट्टीत घरी गेलात की माळ्यावर, पेटीत, देवघराच्या खालच्या कप्प्यात एकदा बघा. लग्नाची असेल, बारशाची असेल, सिद्धेश्वराच्या यात्रेत काढलेली असेल. लगेच लावू नका. बुरशी बघा, पाठीचा तुकडा मोडा, फीत उभी ठेवा. आणि यंत्र मिळेपर्यंत वाट पाहत बसू नका. आजीजवळ वही घेऊन बसा आणि मांडवात कोण कोण होते, ते तिच्याकडून लिहून घ्या. आमच्या कॅसेटमध्ये आजोबांशेजारी बसलेल्या दोघांपैकी एकाचे नाव आजीला आठवले. दुसऱ्याचे, ज्याने झोपेचे विचारले त्याचे, आठवले नाही. ज्यांना ठाऊक असते, त्यांतले कोणी आता नाही.

कॅसेट पुन्हा पेटीत गेली आहे. पेटी मात्र पत्र्याखालून काढून खालच्या कोनाड्यात ठेवली आहे. बावीस मिनिटांचे लग्न पाहुणे आले की आई अजूनही लावते, आणि ते छानच आहे. आजी ते पाहत नाही. तिला मी तिचे एक्केचाळीस सेकंद वेगळे काढून दिले आहेत. म्हणजे शेवटी मीही कापलेच. पण सगळे उतरवून घेतल्यावर.

– द्वितीय वर्ष कला